मांसल वनस्पतींवरील पिठ्या ढेकूण : ओळख, उपचार आणि प्रतिबंध

घराच्या गच्चीत, सज्जात किंवा खिडकीच्या कठड्यावर लहान कुंड्यांत वाढणाऱ्या मांसल वनस्पतींना गेल्या काही वर्षांत देशभरातील शहरांमध्ये मोठी पसंती मिळाली आहे. कमी पाणी, कमी जागा आणि कमी देखभाल ही या पसंतीची मुख्य कारणे. कोरफड, पानफुटी, जेड, एचेव्हेरिया, हावोर्थिया, अडेनियम आणि निवडुंगाचे नाना प्रकार आता रोपवाटिकांबरोबरच टपालाने येणाऱ्या खोक्यांतूनही घरोघरी पोहोचतात. मात्र या रोपांबरोबर अनेकदा एक न बोलावलेला पाहुणाही घरात शिरतो. पानांच्या बेचक्यात कापसाच्या बारीक पुंजक्यासारखा दिसणारा हा कीटक म्हणजे पिठ्या ढेकूण होय.

मांसल वनस्पतींची वाढ संथ असते. एखादा गोल निवडुंग मुठीएवढा होण्यास काही वर्षे लागतात. त्यामुळे किडीने घेतलेले रोप म्हणजे केवळ एका कुंडीचे नुकसान नसते, तर कित्येक वर्षांची जोपासना वाया गेलेली असते. त्यातही एका कुंडीतील कीड काही आठवड्यांत शेजारच्या सर्व कुंड्यांत पसरू शकते. वेळीच ओळख पटली तर मात्र घरच्या घरी, फारसा खर्च न करता आणि घातक रसायनांचा आधार न घेता तिचा बंदोबस्त करता येतो.

कीटकाचे स्वरूप

पिठ्या ढेकूण हा स्युडोकॉक्सिडी या कुळातील रसशोषक कीटक आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि खवले कीड हे त्याचे दूरचे आप्त. नावात ढेकूण असला तरी तो माणसाला चावत नाही. मादी दोन ते पाच मिलिमीटर लांबीची, अंडाकृती आणि मऊ शरीराची असते. तिच्या अंगावर पिठासारख्या पांढऱ्या मेणाचा थर असतो आणि मराठीतील ‘पिठ्या’ हे नाव त्यावरूनच पडले आहे. 

मादीला पंख नसतात. बहुतेक जातींच्या माद्या मेणाच्या तंतूंची एक पिशवी तयार करून तीत काहीशे अंडी घालतात. लिंबूवर्गीय फळझाडांवर आढळणाऱ्या आणि घरातील शोभेच्या रोपांवरही सर्रास दिसणाऱ्या प्लॅनोकॉकस सिट्री या जातीची मादी अनुकूल परिस्थितीत तीनशे ते सहाशे अंडी घालते. लांब शेपटीचा पिठ्या ढेकूण मात्र पिशवी न करता थेट जिवंत पिलांना जन्म देतो. नर अगदी लहान आणि पंखधारी असतो. प्रौढ नराला खाण्याजोगे मुखांग नसते आणि तो मीलनानंतर अल्पकाळातच मरतो. काही जातींच्या माद्या नराशिवायही प्रजनन करू शकतात.

अंड्यातून बाहेर पडलेली पिले पिवळसर किंवा गुलाबीसर आणि अतिशय लहान असतात. साध्या डोळ्यांना ती जेमतेम दिसतात. या अवस्थेत त्यांच्या अंगावर मेण जवळजवळ नसते, पण पाय चपळ असतात. एका पानावरून दुसऱ्या पानावर, एका कुंडीतून शेजारच्या कुंडीत, वाऱ्याने, मुंग्यांमार्फत, माणसाच्या हातांनी आणि कपड्यांनी ती दूरवर जातात. उबदार हवामानात अंड्यापासून प्रौढ मादीपर्यंतचा प्रवास साधारण एका महिन्यात पूर्ण होतो. भारतातील बहुतेक शहरांत त्यामुळे वर्षाला अनेक पिढ्या निपजतात.

नुकसान कसे होते

या कीटकाचे मुखांग सुईसारखे लांब आणि लवचिक असते. ते पानाच्या किंवा खोडाच्या पेशींत खुपसून कीटक अन्नरस शोषून घेतो. मांसल वनस्पती आपल्या जाड पानांत आणि खोडांत पाणी साठवतात. म्हणूनच पानाच्या बुंध्याशी असलेली कोवळी, रसाने भरलेली जागा या कीटकाला विशेष मानवते. त्याने रस शोषलेल्या ठिकाणी पाने वेडीवाकडी होतात, त्यांवर पिवळसर डाग पडतात, नवी पाने आखूड येतात, कळ्या गळतात आणि शेवटी रोप निस्तेज होऊन सुकते.

अन्नरसात साखरेचे प्रमाण जास्त आणि इतर पोषकद्रव्ये कमी असतात. पुरेसे पोषण मिळवण्यासाठी कीटकाला पुष्कळ रस प्यावा लागतो आणि जादा साखर तो चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते. पान काळवंडले की त्याला मिळणारा प्रकाश घटतो. याच गोड द्रवासाठी मुंग्या गोळा होतात. त्या बदल्यात मुंग्या पिठ्या ढेकणाच्या नैसर्गिक शत्रूंना हुसकावून लावतात. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसू लागली तर केवळ मुंग्या झटकून थांबू नये. पानांच्या बेचक्यांत आणि मातीत नीट पाहावे.

खरी कीड की भास

मांसल वनस्पतींच्या बाबतीत पिठ्या ढेकूण ओळखताना चूक होण्याचा संभव अधिक असतो, कारण पांढरेपणा हा यातील अनेक वनस्पतींचा स्वभावच आहे. एचेव्हेरियासारख्या रोपांच्या पानांवर पिठासारखा नैसर्गिक मेणाचा थर असतो. तो उन्हापासून आणि पाण्याच्या ऱ्हासापासून पानाचे रक्षण करतो. काही निवडुंगांच्या काट्यांच्या मुळाशी पांढरी लव असते, तर काहींच्या अंगावर पांढरे ठिपके जन्मजात असतात. क्षारयुक्त पाणी सुकल्यावरही पानांवर पांढरे डाग उरतात.

यांतील फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. नैसर्गिक थर सर्व पानांवर सारखा पसरलेला असतो, तर कीड ठिकठिकाणी, विशेषतः सांध्यांत आणि कपारींत पुंजक्यांनी बसते. दात कोरण्याच्या काडीने पुंजका हलकेच हलवावा. आत मऊ शरीर, हलणारे पाय किंवा पिवळसर-गुलाबी अंड्यांचा घोस दिसला तर शंका राहत नाही. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग या कामी फार उपयोगी पडते.

प्रत्येक वनस्पतीत कीटकाची लपण्याची जागा वेगळी असते. एचेव्हेरियात ती पानांच्या फुलोऱ्यासारख्या रचनेच्या मध्यभागी आणि फुलांच्या दांड्यावर असते. हावोर्थियात ती खालच्या सुकलेल्या पानांआड, तर निवडुंगात धारांमधील खोबणीत आणि मातीलगतच्या भागात आढळते. जेड आणि पानफुटीत पान जिथे खोडाला मिळते त्या सांध्यात प्रथम पाहावे. अडेनियममध्ये शेंड्याची कोवळी पाने आणि त्यांची खालची बाजू तपासावी.

मातीखालचा शत्रू

पिठ्या ढेकणाच्या काही जाती केवळ मुळांवर जगतात. वरून रोप स्वच्छ दिसते, पण पाणी देऊनही पाने सुरकुततात, वाढ थांबते आणि रंग उतरतो. अशा वेळी अनेक जण पाण्याचे प्रमाण वाढवतात आणि रोप कुजते. वास्तविक दोष पाण्यात नसून मुळांत असतो. रोप कुंडीतून अलगद बाहेर काढल्यावर मुळांवर किंवा कुंडीच्या आतील भिंतीवर तांदळाच्या कणीसारखे लहान पांढरे कीटक आणि निळसर-पांढऱ्या मेणाचे डाग दिसतात. मातीत मिसळलेल्या परलाइटच्या पांढऱ्या कणांशी त्यांची गल्लत होऊ शकते. परलाइटचा कण बोटांत चुरडल्यास कोरडा भुगा होतो, कीटक मात्र चिरडून ओलसर डाग उरतो.

उपचाराची पहिली पायरी

कीड दिसताच बाधित कुंडी इतरांपासून दूर ठेवावी. शक्य असल्यास ती दुसऱ्या खोलीत किंवा सज्जाच्या दुसऱ्या टोकाला न्यावी. तिच्या शेजारच्या कुंड्याही तपासाव्यात, कारण पिले आधीच पसरलेली असण्याची शक्यता असते. त्यानंतर सुकलेली पाने, जुने फुलांचे दांडे आणि अतिबाधित भाग काढून बंद पिशवीत घालून टाकून द्यावेत. ते कंपोस्टच्या ढिगात किंवा दुसऱ्या कुंडीत आच्छादन म्हणून वापरू नयेत.

कीड थोडी असेल तर कापसाची काडी किंवा मऊ कुंचला सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक पुंजक्याला लावावा. औषधांच्या दुकानात ते सहज मिळते. अल्कोहोल मेणाचा थर विरघळवते आणि कीटकाचे शरीर शुष्क करते. अधिक तीव्रतेचे, म्हणजे नव्व्याण्णव टक्क्यांचे अल्कोहोल हाताशी असल्यास त्याचे सात भाग आणि पाण्याचे तीन भाग असे मिश्रण करावे.

येथे तीन गोष्टींची दक्षता घ्यावी. पहिली, संपूर्ण रोपावर उपचार करण्यापूर्वी एका पानावर प्रयोग करून दोन दिवस वाट पाहावी. दुसरी, उपचार संध्याकाळी करावा आणि रोप पूर्ण सुकेपर्यंत थेट उन्हात ठेवू नये, अन्यथा पाने भाजल्यासारखी होतात. तिसरी, अल्कोहोल ज्वालाग्राही असते. स्वयंपाकघरातील शेगडी, देवघरातील समई किंवा पेटती उदबत्ती यांच्या जवळ ते वापरू नये.

एचेव्हेरियासारख्या रोपांवरील नैसर्गिक मेणाचा थर अल्कोहोलने पुसला जातो आणि त्या पानावर तो पुन्हा येत नाही. रोपाचे सौंदर्य त्यामुळे काही काळ उणावते. परंतु नवी पाने आपला थर घेऊनच येतात. जीव वाचवायचा असेल तर एवढी किंमत मोजणे इष्ट ठरते.

साबण आणि कडुनिंब

कीड अनेक पानांवर पसरली असेल तर फवारणी करावी लागते. नुसते पाणी मेणाच्या थरावरून ओघळून जाते, म्हणून फवारणीत त्या थराला भेदणारा घटक आवश्यक असतो. स्निग्धाम्लांच्या पोटॅशियम क्षारांपासून बनवलेला, बागेसाठी विकला जाणारा कीटकनाशक साबण या कामासाठी योग्य आहे. त्याचे प्रमाण वेष्टणावर दिल्याप्रमाणेच घ्यावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तिच्यातील घटकांनी पाने करपतात. साबणाचा परिणाम केवळ प्रत्यक्ष संपर्कात आलेल्या कीटकांवर होतो आणि द्रावण सुकल्यावर तो संपतो. म्हणून बेचके आणि पानांच्या खालच्या बाजू भिजतील अशी फवारणी करून काही तासांनी रोप स्वच्छ पाण्याने धुवावे. जेड आणि तिच्या कुळातील काही वनस्पतींना साबणाचे द्रावण सोसत नाही. त्यामुळे तेथे एका पानावरील प्रयोगाशिवाय पुढे जाऊ नये.

कडुनिंबाचे तेल हा भारतात सर्वत्र उपलब्ध असलेला पर्याय आहे. एक लिटर कोमट पाण्यात तीन ते पाच मिलिलिटर तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून एक ते दोन मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण असे मिश्रण तयार करून त्याच दिवशी वापरावे. तेलाच्या थरामुळे कीटक गुदमरतो, तर कडुनिंबातील अझाडिराक्टिन हे द्रव्य पिलांच्या कात टाकण्यात आणि वाढीत अडथळा आणते. त्याचा परिणाम हळूहळू दिसतो. भर दुपारी किंवा तीव्र उष्णतेच्या दिवसांत तेलाची फवारणी करणे टाळावे.

मांसल वनस्पतींच्या बाबतीत फवारणीनंतरची काळजीही तितकीच महत्त्वाची आहे. पानांच्या मध्यभागी साचलेले द्रावण कुजण्याला आमंत्रण देते. कुंडी थोडी तिरपी करून पाणी निथळू द्यावे किंवा कोरड्या कापसाने टिपून घ्यावे. शेर आणि त्रिधारी निवडुंग यांसारख्या युफोर्बिया वर्गातील वनस्पतींचा पांढरा चीक त्वचेला आणि विशेषतः डोळ्यांना इजा करतो. अशी रोपे हाताळताना हातमोजे घालावेत.

हळद, दालचिनीची पूड, राख अशा वस्तू पानांवर भुरभुरवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मात्र मेणाच्या आवरणाखाली दडलेल्या किडीवर त्यांचा भरवशाचा परिणाम होत नाही. व्हिनेगरच्या फवारणीने तर किडीआधी पानेच भाजतात.

पुनरावृत्तीचे महत्त्व

उपचार फसण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तो एकदाच केला जातो. अल्कोहोल, साबण आणि तेल यांमुळे दिसणारे कीटक मरतात, परंतु मेणाच्या पिशवीतील काही अंडी वाचतात. साधारण आठवडा ते दहा दिवसांत त्यांतून नवी पिले बाहेर पडतात आणि बागप्रेमीला कीड पुन्हा परतल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती गेलेलीच नसते. म्हणून दर सात दिवसांनी तपासणी आणि उपचार असा क्रम किमान चार ते सहा आठवडे चालू ठेवावा. सलग तीन तपासण्यांत एकही कीटक आढळला नाही, तरच ती कुंडी मूळ जागी आणावी.

मुळांवरील किडीसाठी रोप कुंडीतून पूर्णपणे बाहेर काढावे. जुनी माती टाकून द्यावी, मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि मृत मुळे निर्जंतुक कात्रीने कापावीत. त्यानंतर मुळांवर साबणाच्या किंवा अल्कोहोलच्या सौम्य द्रावणाचा फवारा मारून पुन्हा धुवावे. रोप सावलीत, हवेशीर जागी तीन-चार दिवस कोरडे होऊ द्यावे. इतर रोपांना मुळे उघडी ठेवणे घातक ठरते. मांसल वनस्पती मात्र अंगातील पाण्यावर हे दिवस सहज काढतात. नंतर नव्या मातीत लागवड करून आणखी काही दिवसांनी पाणी द्यावे. जुनी कुंडी पुन्हा वापरायची असल्यास ती घासून, उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी. 

कीड आटोक्याबाहेर गेली असेल तर रोप वाचवण्याचा हट्ट सोडणेच शहाणपणाचे असते. तरीही मांसल वनस्पतींची एक खुबी येथे मदतीला येते. शेंड्याचा एखादा स्वच्छ तुकडा किंवा एखादे निरोगी पान धुऊन, चार-पाच दिवस कोरडे करून नव्या मातीवर ठेवले तर त्यातून नवे रोप उगवू शकते. वर्षानुवर्षे जपलेल्या रोपाचा वंश अशा रीतीने टिकवता येतो.

रासायनिक कीटकनाशकांबाबत दक्षता

आंतरप्रवाही कीटकनाशके रोपाच्या रसात मिसळून रस पिणाऱ्या किडीला मारतात. इमिडाक्लोप्रिड हे त्यांतील सर्वांत परिचित. ते परिणामकारक असले तरी मधमाश्यांसाठी घातक आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. फुलावर आलेल्या रोपांवर अशी द्रव्ये वापरू नयेत. कोरफडीसारख्या, ज्यांचा गर खाण्यासाठी किंवा त्वचेला लावण्यासाठी वापरला जातो, अशा रोपांसाठी तर ती पूर्णतः वर्ज्य समजावीत.

बागकामाच्या जुन्या पुस्तकांत कुंडीच्या मातीत फोरेटचे दाणे टाकण्याचा किंवा डायक्लोरव्हॉसची फवारणी करण्याचा सल्ला आढळतो. ही दोन्ही द्रव्ये अत्यंत विषारी असून भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून त्यांच्यावर पूर्ण बंदी आहे. घरात उरलेला जुना साठा लहान मुले आणि पाळीव प्राण्यांसाठी जीवघेणा ठरू शकतो. देशात कीटकनाशकांची विक्री आणि वापर यांचे नियमन कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये होते. वेष्टणावर नमूद केलेली मात्रा आणि दक्षता पाळणे केवळ शेतकऱ्यालाच नव्हे, तर सज्जात चार कुंड्या असलेल्या नागरिकालाही आवश्यक आहे.

निसर्गातील मित्र

पिठ्या ढेकणाचा सर्वांत प्रसिद्ध शत्रू म्हणजे क्रिप्टोलीमस माँट्रोझिएरी हा ऑस्ट्रेलियन मूळ असलेला भुंगेरा. तो १८९८ मध्ये भारतात आणण्यात आला आणि पुढे कॉफी, द्राक्ष आणि इतर फळबागांत त्याचा उपयोग झाला. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या तंतूंनी झाकलेली असते आणि पिठ्या ढेकणासारखीच दिसते. अनेकदा मित्रालाच शत्रू समजून मारले जाते. ही अळी पिठ्या ढेकणापेक्षा मोठी, तिचे मेणाचे तंतू अधिक लांब आणि हालचाल अधिक वेगवान असते. गच्चीवरील बागेत ती दिसल्यास तिला आपले काम करू द्यावे आणि फवारणी थांबवावी.

जैविक नियंत्रणासाठी लेकॅनिसिलियम लेकॅनी ही बुरशीही बाजारात मिळते. तिला वाढीसाठी हवेत भरपूर दमटपणा लागतो. द्राक्षबागेत तो मिळू शकतो, मांसल वनस्पतींना मात्र तोच मानवत नाही. त्यामुळे कुंडीतील निवडुंगासाठी तिचा उपयोग मर्यादित राहतो.

कुंडीपासून शेतापर्यंत

शोभेच्या रोपावरील कीड हा केवळ छंदाचा विषय नाही. पिठ्या ढेकणाच्या अनेक जाती एकाच वेळी शेकडो वनस्पतींवर जगू शकतात. २००५ ते २००७ या काळात फेनॅकॉकस सोलेनॉप्सिस या जातीने गुजरात, पंजाब, हरियाणा, महाराष्ट्र आदी राज्यांत कापसाचे मोठे नुकसान केले. हीच जात जास्वंदीवर, गाजरगवतावर आणि घोळीसारख्या मांसल पानांच्या वनस्पतींवरही वाढते. २००८ मध्ये कोइमतूर परिसरात मध्य अमेरिकी मूळ असलेला पपईवरील पिठ्या ढेकूण आढळला. पपईबरोबरच तुती आणि कसावा या पिकांना त्याने ग्रासले आणि नंतर तो महाराष्ट्रातही पोहोचला. २०१० मध्ये बेंगळुरू येथील राष्ट्रीय संस्थेमार्फत, जी आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो या नावाने ओळखली जाते, तीन परोपजीवी गांधीलमाश्या आयात करण्यात आल्या. त्यांतील अ‍ॅसेरोफॅगस पपाये या सूक्ष्म गांधीलमाशीने ही कीड आटोक्यात आणली. २०२० मध्ये केरळमध्ये कसावावरील पिठ्या ढेकूण आढळल्यावर हाच मार्ग पुन्हा अवलंबण्यात आला.

याच कीटकसमूहाच्या एका आप्ताने निवडुंगाचा इतिहासही घडवला आहे. किरमिजी रंग देणारा कोचिनील कीटक भारतात वाढवावा या हेतूने १७९५ मध्ये ब्राझीलमधून काही कीटक बंगालमध्ये आणले गेले. परंतु आलेली जात उत्तम रंग देणारी नव्हती. रंगाचा उद्योग फसला, मात्र या कीटकाने निवडुंगाची एक जात झपाट्याने नष्ट केली. पुढे एकोणिसाव्या शतकात तो दक्षिण भारतात मुद्दाम नेण्यात आला. कीटकाच्या साहाय्याने तणाचे नियंत्रण करण्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानले जाते. १९२६ मध्ये श्रीलंकेमार्गे आलेल्या दुसऱ्या जातीने दक्षिणेतील फड्या निवडुंगाची दाट बने विरळ केली. फड्या निवडुंगावर आजही कापसासारखे पुंजके दिसतात. ते चिरडल्यावर गडद लाल रंग आला तर तो पिठ्या ढेकूण नसून कोचिनील समजावा. उपचाराची रीत मात्र दोहोंसाठी जवळपास सारखीच आहे.

तणाच्या नाशासाठी सोडलेला कीटक दुसरीकडे संकटही ठरू शकतो. ऑस्ट्रेलियात १९७५ मध्ये हॅरिसिया या निवडुंगाच्या नियंत्रणासाठी पिठ्या ढेकणाची एक जात यशस्वीपणे वापरण्यात आली. त्याच गटातील कीटक पोर्तो रिको बेटावर पोहोचल्यावर मात्र तेथील मूळच्या निवडुंगांचे अस्तित्व धोक्यात आले.

परदेशातून रोप आणताना

परदेश प्रवासातून परतताना पिशवीत एखादे आगळेवेगळे रोप आणण्याचा मोह अनेकांना होतो. भारतात वनस्पतींच्या आयातीसाठी वनस्पती विलग्नवास आदेश, २००३ लागू आहे. त्यानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते. शिवाय बहुतेक सर्व निवडुंग धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या कक्षेत येतात. नियम जाचक वाटले तरी पपईच्या आणि कसावाच्या उदाहरणांवरून त्यांचे प्रयोजन स्पष्ट होते. 

प्रतिबंध हाच उत्तम उपाय

नवीन रोप घरी येताच ते थेट इतर रोपांत ठेवू नये. तीन ते चार आठवडे त्याला वेगळे ठेवावे. रोपवाटिकेतील माती काढून मुळे तपासावीत आणि स्वच्छ, पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या मिश्रणात लागवड करावी. मातीविना पाठवलेल्या रोपांची तपासणी त्यामानाने सोपी असते, पण पानांचे बेचके तेथेही पाहावेत.

नत्रयुक्त खताचा अतिरेक टाळावा. जादा नत्रामुळे पाने कोवळी, लुसलुशीत होतात आणि रसशोषक किडींना आयते खाद्य मिळते. मांसल वनस्पतींना वाढीच्या हंगामात सौम्य मात्रेत दिलेले खत पुरेसे असते. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवू नयेत, जेणेकरून हवा खेळती राहील आणि पिलांना पूल मिळणार नाही. सुकलेली पाने आठवड्याला काढावीत. एका रोपाला वापरलेली कात्री आणि चिमटा दुसऱ्या रोपाला लावण्यापूर्वी अल्कोहोलने पुसावा. मुंग्यांची ये-जा रोखण्यासाठी मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत आणि त्या वाट्यांत डास होऊ नयेत म्हणून पाणी वारंवार बदलावे.

ऋतूनुसार दक्षतेचे स्वरूप बदलते. उघड्यावरील झाडांवरची कीड मुसळधार पावसात काही अंशी धुऊन जाते. मांसल वनस्पती मात्र पावसापासून वाचवण्यासाठी छपराखाली ठेवल्या जातात. रोपाबरोबर किडीलाही तेथे आसरा मिळतो. मुंबई, गोवा किंवा कोलकात्याच्या दमट हवेत पावसाळ्यात फवारणीऐवजी अल्कोहोल लावलेल्या काडीचा वापर करणे सुरक्षित असते. दिल्ली, नागपूर किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात कोरड्या उष्णतेत कीड झपाट्याने वाढते, त्यामुळे तपासणी आठवड्यातून दोनदा करावी. थंडीत कुंड्या घरात घेतल्या जातात त्या भागांत, आत आणण्यापूर्वी प्रत्येक कुंडी उलटसुलट करून पाहावी. कुंडीचा तळ आणि पाणी जाण्याचे छिद्र या जागा सर्वांत दुर्लक्षित राहतात.

हरियाणातील पंचकुला येथे १९८७ मध्ये उभारलेल्या निवडुंग उद्यानासारख्या मोठ्या संग्रहापासून खिडकीतील तीन कुंड्यांपर्यंत हा नियम सारखाच लागू पडतो. मांसल वनस्पतींना पाणी कमी लागते, लक्ष मात्र कमी लागत नाही. आठवड्यातील दहा मिनिटे, एक भिंग आणि कापसाची एक काडी एवढ्या साधनांवर पिठ्या ढेकणाला दूर ठेवता येते. कीड एका पानावर असताना दिसली तर काम दहा मिनिटांचे असते. ती सर्व कुंड्यांत पसरल्यावर दिसली तर तेच काम दोन महिन्यांचे होते.